तळाशी बसू नये म्हणून

शार्लटटाउनच्या दवाखान्यात डॉक्टर थेरियोंनी
पडद्यावर माझं आतडं दाखवलं.
मला वाटलं, आपलाच किनारा आहे, पापा,
ओहोटीनंतरचा:
ओले गुलाबी खडक, मधेच खरवडल्यासारखी जागा,
तिथून झिरपणारा लाल ओघळ.

"इथलं अस्तर गेलंय," ते म्हणाले.
"जंतू आणि भिंत यांच्यामध्ये एक बुळबुळीत साय असते,
ती."

आहारतज्ज्ञ बाईंनी कागद दिला. काय काय टाळायचं.
वरून सातवं नाव: कॅरेजीनन.
त्याभोवती पेनाने गोल केला, आणि लगेच म्हणाल्या,
"नक्की काही नाही हं. उंदरांत दिसतं ते
माणसांत दिसेलच असं नाही. तज्ज्ञांचंही एकमत नाही.
तीन महिने सोडून बघा."

मी त्या गोलाकडे बघत राहिले.

वादळ ओसरलं की पहाटे चारला तुम्ही बिजूला जुंपायचात.
घोडा छातीपर्यंत लाटेत, मागे तारेची टोपली,
टोपलीत जांभळं-काळं कुरळं शेवाळ,
समुद्राने आपणहून उपटून दिलेलं.
रस्त्याच्या कडेला ते वाळत पडायचं.
मी आणि रोमेओ अनवाणी पायांनी उलथवायचो,
गाड्या हॉर्न वाजवत वळसा घालायच्या.
पौंडामागे काही सेंट.
त्या सेंटांतून माझे दात सरळ झाले,
आईचं शिलाई मशीन आलं,
माझं नर्सिंगचं पहिलं वर्ष निघालं.

कुणी विचारलं, हे जातं कुठे, तर तुम्ही म्हणायचात,
"लांब. चॉकलेटच्या दुधात घालतात,
कोको तळाशी बसू नये म्हणून."
केवढा रुबाब होता त्या वाक्यात!
शाळेत दुधाचे खोके आले की मी सगळ्यांना सांगायचे,
हे आमच्या बिजूने ओढलंय.

आणि खोकला झाला की आई
मूठभर शेवाळ दुधात उकळायची, गाळायची,
थिजलेली वाटी उशाशी ठेवायची.
चव कशाचीच नाही. थोडी मिठाची.

आता मी दुकानात चष्मा लावून डबे वाचते.
क्रीम, आइस्क्रीम, हॅमचे काप,
मांजराच्या खाण्याचासुद्धा डबा.
कितीतरी डब्यांवर, शेवटच्या ओळींत कुठेतरी,
मुंगीएवढ्या अक्षरांत
आपला किनारा.

रविवारी घरी आले तेव्हा तुम्ही बटाटे सोलत होतात.
बिजू जाऊन अठरा वर्षं झाली.
टोपली अजून शेडमध्ये, तारांत
एक वाळका तुरा अडकलेला.

"काय काय बंद केलंय डॉक्टरने?"

मी सालींकडे पाहिलं.
"चॉकलेटचं दूध."

"बरं झालं," तुम्ही म्हणालात,
"तसंही फार गोड असतं ते,"
आणि दुसरी सुरी
माझ्याकडे सरकवलीत.