फुर्तादची चावी

धोबीतलावच्या आतल्या गल्लीत, बेकरीच्या वर
माझं दुकान. तीन पावलं रुंद.
दांडीवर सॅक्सोफोन उलटे टांगलेले,
वाळत घातलेल्या बोंबलांसारखे.

समुद्राची हवा सगळ्यात आधी
जी शार्पला धरते.
चामड्याचं पॅड ओल पितं, फुगतं,
वरून कितीही दाबा, तोंड उघडत नाही.
पावडर लावलेला कागद सरकवायचा,
नाहीच ऐकलं तर पॅड बदलायचं.

इनास फुर्तादचा सॅक्स बाबांकडे आला
तेव्हा मी सातवीत.
चर्चगेटच्या एका हॉटेलात चौघं वाजवायची.
पियानोवर फ्रेनी दुबाश, चपला काढून बसणारी.
बासवर जोकी, वाद्यापेक्षा वीतभर बुटका.
ड्रमवर हर्बर्ट, भायखळ्याच्या रेल्वे क्वार्टर्समधला.
बाबांनी पॅड बदललं, स्प्रिंग ताणली,
सहा रुपये घेतले.

तिसऱ्या दिवशी फुर्ताद परत.
काखेत पेटी, चेहरा सुतकी.
"मेस्त्री, ती चावी पुन्हा बिघडव."

बाबा हसले नाहीत. स्टूल पुढे केलं.
मग हळूहळू कळलं ते असं :
चार वर्षं तो सूर लागतच नव्हता,
म्हणून फुर्ताद तिथे श्वास घ्यायचा.
आणि त्या एवढ्याशा फटीत
तिघांनी संसार थाटला होता.
हर्बर्टचा ब्रश तिथेच कूस वळायचा,
जोकी एक पायरी खाली उतरून थांबायचा,
फ्रेनी दोन बोटं टेकवायची,
झोपलेल्या पोरावर चादर टाकावी तशी.
आता सूर आला,
आणि तिघं उघड्यावर पडली.

बाबांनी कचऱ्याच्या डब्यातून जुनं पॅड शोधलं.
शिव्या देत बसवलं.
सहा रुपये परत केले, त्याने घेतले नाहीत.
ते बरेच दिवस गल्ल्यात वेगळे पडून होते.

चौघांची तबकडी कधी निघाली नाही.
हॉटेलाच्या त्या हॉलमध्ये आता बँक आहे.
फुर्ताद म्हापशाला जाऊन वारला, हर्बर्ट पर्थला गेला,
फ्रेनीचं काय झालं, मी विचारलं नाही.

पण दुरुस्त झालेलं वाद्य तपासताना
माणूस काहीतरी वाजवतोच.
ताडदेवच्या स्टुडिओत मागच्या रांगेत बसणारा सिप्रियान,
नागपाड्याच्या लग्नाच्या बँडमधले मेहबूब मास्तर,
लाल कोटाची बटणं तुटलेले,
फुर्तादच्या शागिर्दाच्या मेव्हण्याकडे शिकलेले,
एका ठरावीक वळणावर येतात
आणि श्वास घेतात.
त्यांची पॅडं मी माझ्या हातांनी बसवलेली.
कोरी. लोण्यासारखी उघडणारी.

परवा काळाचौकीच्या बँजो पार्टीतला प्रज्योत
कीबोर्ड घेऊन आला. पट्टा तुटलेला, वायर सैल.
त्यात ना चामडं, ना स्प्रिंग, ना फुंकर.
डाग मारून दिला.
त्याने मिरवणुकीचं काहीतरी धडाकेबाज सुरू केलं,
खिडकीची काच थरथरली, खालून पाववाला ओरडला,
आणि त्या जागी
पोराचा हात उचलला गेला.

पंखा ऐकू आला.

"का रे थांबलास?"
"थांबतात ना काका तिथं."
"कोण थांबतात?"
"सगळेच."
हे काय विचारणं झालं, अशा नजरेने त्याने पाहिलं.

चार नावं माझ्या जिभेवर आली होती.
पण मग वाटलं, फुर्तादच्या आधीही
कुणाची तरी चावी अडकली असेल,
आणि ते नाव मला कुठे माहीत आहे?
खाली टेम्पोने हॉर्न दिला.
"चाळीस रुपये," मी म्हणालो.
त्याने पन्नासची नोट ठेवली
आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरला,
मधली एक
सोडत.