खोइन

पुण्याच्या कॅम्पात, संग्रहालयात
मासे धरायची बांबूची खोइन काचेआड.
उलटी.
नवशा हिलम, पहारेकरी,
तीन वर्षं तिच्यासमोर उभा.
साहेब, तोंड धारेकडं असतं,
एकदा म्हणाला होता.
साहेबांनी पाटी वाचून दाखवली.

आज शाळेची सहल.
हा आपल्या देशाचा ठेवा, बाई सांगतात.
मुलं लिहून घेतात : ठेवा.
नवशाच्या खिशात
परत आलेला दाखल्याचा अर्ज,
'एकोणीसशे पन्नासपूर्वीचा पुरावा जोडा.'

मागं राहिलेली एक मुलगी विचारते,
काका, यातून मासा परत कसा जातो?
तो बोलत नाही.
बोटानं काचेवर नदी काढतो,
धार खरी कुठून येते ते दाखवतो,
आणि लगेच फडक्यानं पुसतो.
काचेवर ठसे उमटलेले
चालत नाहीत इथं.