दहा की पंच्याण्णव

रुवीच्या मागच्या गल्लीत, शुक्रवारी,
शटर अर्धं खाली.
रोदेलिओनं पेडल काउंटरवर ठेवलं
आजारी मांजर ठेवावं तसं, दोन्ही हातांनी.
"हॉटेलात बरं असतं," त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला,
"बाहेर लॉनवर वाजवलं की घसा बसतो."
जर्मेनियम, मी ओळखलं.
इथलं ऊन सोसत नाही त्याला.
मलाही कुठं सोसतं,
पण माझ्या व्हिसावर अजून दीड वर्ष आहे.

मत्राहच्या एका दुकानातून घेतलेलं, चाळीस रियाल.
दुकान आता अत्तरांचं झालंय.
बनवणाऱ्याचं नाव डब्यावर नाही,
नुसता हिरवा रंग, कोपऱ्यांवर उडालेला.
"असंच आणखी एक कर. हे मरायच्या आत."

चार स्क्रू.
आत काळी राळ, काठोकाठ, डांबरासारखी ओतलेली.
म्हणजे त्याला ठाऊक होतं
की कधीतरी मी येणार.

तीन शुक्रवार गेले.
गरम हवा, सुई, दाताच्या डॉक्टरकडचा एक आकडा.
राळ खपलीसारखी निघायची, कधी सोबत एखादा पाय घेऊन.
खालून तांब्याचे रस्ते वर आले.
मल्टिमीटरचं एक टोक इथं, दुसरं तिथं:
टीं वाजलं तर रस्ता आहे.
नाही वाजलं, तर तेही लिहून ठेवायचं.
पाटी उलटली की डावं उजवं होतं,
दोनदा फसलो, वहीचं पान फाडलं.

ट्रान्झिस्टरच्या टोपीवरचा नंबर
त्यानं पॉलिश पेपरनं घासून टाकला होता.

मिरजेला बाबा जवारी काढायचे
ते दाराकडे पाठ करून.
घोडीवर कानस दोनदा,
मग थांबून तार छेडायची, दोरा सरकवायचा,
पुन्हा कानस.
स्वच्छ आवाज कुणीही काढील, म्हणायचे,
किती बिघडवायचा ते हाताला कळायला हवं.
मी त्यांची पाठ बघत शिकलो.
म्हणजे शिकलो नाही.
डिप्लोमा केला, इकडं आलो.

एक कपॅसिटर कुठंच पोचत नव्हता.
एक पाय सर्किटमध्ये, दुसरा हवेत.
दोन रात्री खाल्ल्या त्यानं.
आपल्याला चकवायला ठेवला असेल,
किंवा जोडता जोडता
त्याच माणसाला घरून फोन आला असेल.

आणि शेवटच्या कोपऱ्यात, राळेखाली,
पेन्सिलीचं काहीतरी.
चहाला आलेल्या सैफनं भिंग हातात घेतलं,
दुकानाचा परवाना त्याच्या नावावर आहे,
भिंगही त्याचंच.
"खम्सा व तिसईन," म्हणाला. पंच्याण्णव.
मी तर दहा वाचले होते.
एकाला शेपटी, पुढं गोल.
त्याच्या लिपीत तो नऊ आणि पाच,
माझ्या लिपीत एक आणि शून्य.
रेझिस्टरचा एक पाय उचलला, मीटर लावला.
दहा हजार ओहम, थोडे कमी.

सैफ हसला, "तुमच्याकडचा निघाला."
मराठी असेल, नेपाळी असेल,
जोधपूरकडचा असेल, कसं सांगणार?
एवढं खरं, की एकटा असताना
तो आपल्या अंकांत मोजत होता.

मग मला सगळं नीट दिसायला लागलं असं नाही.
तीन ट्रान्झिस्टर फुकट गेले,
चौथा फार गोड वाजला, तोही काढला.
सहाव्याला तार छेडली
आणि आवाजाच्या कडेला ती खरखर आली,
भोपळ्यातून यायची तशी.
एसी बंद करून पाहिलं. घसा बसला.
बरोबर.

रोदेलिओला आकृती दिली नाही. त्यानंही मागितली नाही.
हवेतला कपॅसिटर मी तसाच हवेत ठेवला,
एक पाय जोडून.
कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं: १०.
वर राळ ओतली, काठोकाठ,
आणि ती सुकेपर्यंत
दाराकडे पाठ करून बसलो.