अस्पष्ट

मंगळवारी दोनला येतात ऑल्ड्रॉइड.
शेफील्डच्या भट्टीवर एकतीस वर्षं,
मग एका पहाटे झटका, आणि जीभ जड.
कार्डावरची वाक्यं वाचतात,
ओलं लाकूड पेट घेतं तशी:
आधी नुसता धूर.

आमचं मॉडेल शंभरातले एकेचाळीस शब्द चुकतं.
गेल्या वर्षी त्रेपन्न चुकायचं.
एवढ्यावर एक पेपर होतो,
जाण्यायेण्याचा खर्चही सुटतो.

आज कार्डं संपली, मी बूथचं दार उघडलं,
रेकॉर्डिंग चालूच राहिलं.
ते आपणहून काही बोलले.
स्क्रीनवर उमटलं: बदक. दार. थंडी.
हेडफोन दाबून तीनदा ऐकलं
आणि लेबल लावलं: अस्पष्ट.

बाहेर विणत बसलेली मेव्हिस
सुया न थांबवता म्हणाली,
"बदक म्हणजे मी रे. लग्नाआधीपासून तसंच हाकारतो.
दार लाव म्हणतोय, पोराला थंडी वाजतेय."

पोरगा म्हणजे मी.
फेब्रुवारी, आणि अंगात नाशिकचा पातळ स्वेटर.

दार लावलं.
तिन्ही शब्द बरोबर होते, एकही चूक नाही.
लेबल खोडलं; त्या जागी काय लिहायचं
ते यादीत नव्हतं.

मेव्हिस टाके मोजत होती,
मध्ये बोलवेना.