नंबर अकरा, डावा

आपल्याकडे म्हणतात, कोल्हा काकडीला राजी.
कॅटफर्डमधला नव्हता.
ऑगस्टात त्याने ऑड्री पेनहॅलिगनची काकडी
नुसती हुंगून सोडली,
आणि नोव्हेंबरात ट्यूलिपचा अख्खा वाफा उकरला,
कारण कंदांखाली तिनेच पुरली होती
हाडांची भुकटी, खत म्हणून.
त्याला वाटलं असणार, इथं कुणीतरी मेलंय.

जानेवारीत, रात्री दोनला, तो प्रकार सुरू झाला.
तिने पोलिसांना फोन लावला:
बाई किंचाळतेय, कुणी गळा दाबतंय तिचा.
पलीकडचा आवाज जांभई आवरत म्हणाला,
"कोल्हीण आहे, मॅडम. हंगाम आहे."
हंगाम!
अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी
हा शब्द उशाशी घेऊन झोपायचं.

मग उपाय.
तिखट भुरभुरलं; ते पावसाने धुतलं,
आणि डोळे चुरचुरले तिचेच.
सिंहाच्या शेणाच्या गोळ्या मागवल्या, डबा अकरा पौंडांचा;
कोल्ह्याने बरोबर त्यांच्यावर
आपला शिक्का उठवला.
माणसाला ऐकू न येणारा भोंगा लावला,
तो मागच्या घरातल्या पोराला ऐकू आला,
ऐन परीक्षेत.
हालचाल दिसताच पाणी मारणारा फवारा बसवला,
त्यात मीटर बघायला आलेला माणूस
नखशिखांत भिजला.
कुंपणापलीकडून लेनॉक्स म्हणाला,
"पुरुषाचं मूत्र. कोपऱ्याकोपऱ्यात. रामबाण."
आणि जरा थांबून, "हवं तर मी देतो."
तिने खिडकी लावून घेतली.
मार्चमध्ये तो कुंपणावरून ओरडला,
माझा बूट आलाय का तुमच्याकडे?
ती म्हणाली, तुमच्याकडून फक्त कोंबडीची हाडं येतात.
तेव्हापासून बोलणं बंद.

कौन्सिलने कळवलं, कोल्हे आमच्या खात्यात येत नाहीत.
शेवटी पैसे घेणारा एक तरुण आला,
गुडघ्यांवर बसून शेडखाली टॉर्च मारला.
"एक मारलात तर पंधरवड्यात दुसरा येईल.
लंडनमध्ये जागा रिकामी राहते का कधी?"
मग आवाज उतरवून, "चार पिल्लं आहेत. जून संपेपर्यंत थांबा."
चाळीस पौंड आणि दोन बिस्किटं घेऊन तो गेला.

थांबणं तिला येत होतं.
तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात
तिने बटाट्यांचं पाणी उकळायची वाट पाहिली होती.
पिल्लांनी दोरीवरचा टॉवेल ओढला,
पाण्याचा पाइप चावला,
लव्हेंडरवर लोळून ते झोपवलं.
तिने त्यांना नावं ठेवली, रोज, मोठ्यांदा,
पण नाव दिलं नाही एकालाही.

जून संपता संपता बिळाच्या तोंडात
चुरगळलेला पेपर कोंबला, सैलसर, त्याने सांगितल्याप्रमाणे.
सकाळी पेपर बाहेर.
पुन्हा कोंबला. पुन्हा बाहेर.
तिसऱ्या आठवड्यात पेपर जागच्या जागी.
एक दिवस, दोन, तीन.
चौथ्या दिवसाचीही तिने वाट पाहिली,
उगाच.

मग फळ्या उचकटल्या.
निघाले तीन टेनिसचे चेंडू,
तळलेल्या तंगड्यांचा पुठ्ठ्याचा डबा,
एका बाहुलीचा हात, तिचा स्वतःचा उजवा हातमोजा,
आणि तपकिरी बूट. डावा. नंबर अकरा.
टाचेवर दातांची बारीक नक्षी.

जाळी ठोकायची तशीच राहिली.
तिने बूट पिशवीत घातला आणि शेजारची बेल दाबली.
लेनॉक्सने तो हातात धरला,
आयुष्यभर बसचं स्टिअरिंग धरलेल्या हातात,
उलटासुलटा केला.
"उजवा," तो म्हणाला,
"मंगळवारी कचऱ्यात टाकला."
कोण आधी हसलं
यावर पुढे त्यांचं एकमत झालं नाही.

जाळी दुसऱ्या दिवशी त्यानेच ठोकली,
खालची कड फूटभर मातीत पुरून.
ती किटली भरत होती तेव्हा
कोल्हीण कुंपणाच्या कडेवरून आली, एकटी, बिनघाईची.
जाळीकडे पाहिलं तिने,
भाड्याच्या जुन्या घराचं बदललेलं कुलूप पाहावं तसं,
आणि पलीकडे उतरली, लेनॉक्सच्या बाजूला,
जिथं मागच्या दाराबाहेर
नवी जोडी वाळत होती.