वय वर्षे पंचवीस

रात्री साडेअकराला शटर अर्धं खाली येतं
आणि मी परवान्यांचं पुस्तक घेऊन बसतो.
दिवसाकाठी दीडशे गिऱ्हाइकं. फाडलेले परवाने सात.
बाकीची नावं मलाच सुचवावी लागतात.
उद्या दारूबंदीवाले साहेब येणार, शेठ म्हणाले.

बारा वर्षं झाली.
आडनावं मी एसटीच्या पाट्यांवरनं घेतो:
निफाडकर, चांदवडकर, येवलेकर.
जन्मतारखा मनाच्या.
माझ्या पुस्तकात चोवीस वर्षांचा माणूस
अजून जन्मलेला नाही.

आज चार नंबरवर वाद रंगला होता.
कॉलेजचे दोन सर, एक वकील,
आणि सिव्हिलचे डॉक्टर, जे फक्त सोडा घेतात.
वकील म्हणाला, अठराव्या वर्षी मत देतो पोरगा,
बॉर्डरवर बंदूक धरतो,
एकविसाव्या वर्षी नवरा होतो,
आणि ग्लास धरायला पंचवीस?
थोरले सर म्हणाले, बिअरला एकवीस, व्हिस्कीला पंचवीस,
मधल्या चार वर्षांत काय यकृताला शिंगं फुटतात?
डॉक्टर म्हणाले, शिंगं नाही फुटत,
पण मेंदूचं पुढचं दार पंचविशीपर्यंत नीट बसत नाही,
चौकट ओली असते.
मग वॉर्डातल्या पोटांबद्दल बोलले,
पाणी काढलेल्या, आठवड्यात पुन्हा भरलेल्या.
धाकटे सर म्हणाले, अहो, द्राक्षं आपणच लावायची,
वाइनचे बोर्ड थेट धरणापर्यंत ठोकायचे, आणि मग...
मी म्हटलं, शेंगदाणे आणू अजून?

समाधानच्या खिशात परवाना सापडला होता.
दिंडोरी रोड, म्हसरूळच्या पुढे, गाडी दुभाजकावर.
कागदाच्या चार घड्या.
नाव: समाधान निवृत्ती गांगुर्डे. वय: २५.
आईला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात,
बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या मोजते.
सिव्हिलच्या व्हरांड्यात तिनं तो कागद उन्हाकडे धरला
नि हवालदाराला म्हणाली,
"हा आमचा नाही, साहेब.
आमच्याला एकोणिसावं चालू आहे."
आणि बाकावर जरा सरकून बसली,
ज्याची आई असेल तिला जागा करून.

मी त्यातला पाच बघितला.
शेपूट न वळवता सोडलेला.
मीही तसाच काढतो.
अक्षर माझं नव्हतं. घाई माझीच होती.

सव्वानऊला सात नंबरवर तीन पोरं आली.
एकानं मोबाइलवर आधार दाखवलं,
अंगठा नेमका तारखेवर.
अंगठा काढ, म्हटलं.
तो म्हणाला, "मामा, मत दिलंय मी. शाई बघा."
बघितली. नखाजवळ खरंच काळी रेघ होती.
तिघांनाही उठवलं. शेठ काउंटरवरनं बघत होते.
पोरं समोरच्या वाइन शॉपला गेली,
तिथून कोपऱ्यावर, मोपेडची डिकी, प्लास्टिकचे ग्लास.
मी खिडकीचा पडदा ओढला.
म्हणजे मी नक्की काय केलं?

आता एकशे तेविसावा परवाना.
सिन्नरकर लिहून झाले, सटाणकर झाले.
इथं हात थांबला. मग सावकाश लिहिलं,
समाधान निवृत्ती गांगुर्डे.
यंदाच्या चैत्रात त्याला पंचवीस पूर्ण झाली असती.
झाली, असंच लिहिलं.
पाचाचं शेपूट पुरतं वळवलं.
मी बनवलेल्या नावांत
खरी तारीख असलेला हा पहिलाच.
कारणाच्या रकान्यात काही लिहावं लागत नाही,
ते छापलेलंच येतं: आरोग्य राखण्यासाठी.

पाच रुपये माझ्या खिशातनं गल्ल्यात टाकले.
शेठ म्हणाले, झालं का रे?
म्हटलं, अजून वीसेक राहिलेत.