काळजी घे

फोन ठेवताना आई म्हणते, काळजी घे.
घेतली.
स्विंडनला आले तेव्हा मुठीत मावत होती:
परीक्षेआधी पोटात गोळा,
निकाल लागला की विरघळायचा.

आता निकाल लागतच नाही.
फोनमध्ये गॅस बंद केल्याचे
दोनशे चौदा फोटो,
तरी बसस्टॉपवरून माघारी.
ड्रायव्हर ओळखतो. लांबूनच हात करतो
आणि जातो.

डॉक्टर अडेयेमी कागद सरकवतात:
गेल्या दोन आठवड्यांत असं किती दिवस?
चार चौकोन.
शेवटच्यात, ‘जवळजवळ रोज’वर, खूण करते.
चुकलं असेल तर?
खोडते. पुन्हा करते. कागद फाटतो.

त्या पेन काढून घेत नाहीत.
म्हणतात, हेही लिहू या.

रात्री आईचा फोन.
ती म्हणायच्या आत मीच म्हणते,
घेतली गं.
आता उतरवून कुठे ठेवू?